मासळी बाजाराशेजारी बसलेल्या बायका



एखाद्या नेत्याची सभा असली की बचत गटांना निरोप येतो, "पन्नास बायका पाठवा." आपण टेम्पोत बसून जातो. अशाच एका सभेत भाषण रंगलं, "एकदाचं युद्ध होऊनच जाऊ दे!" टाळ्या पडल्या, आम्हीही वाजवल्या. परत येताना गटातल्या एक ताई गप्पच होत्या. त्यांचा मुलगा फौजेत आहे. घराजवळ उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "आपण टाळ्या वाजवायला नको होत्या."

ते वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. म्हणून आज लायबेरियाच्या बायकांची गोष्ट सांगतो. त्याही बसल्या होत्या, पण कुणाच्या निरोपावरून नाही.

लायबेरिया हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा छोटा देश. १९८९ मध्ये चार्ल्स टेलरने तिथल्या सरकारविरुद्ध बंड केलं. १९९७ मध्ये निवडणूक जिंकून तोच राष्ट्राध्यक्ष झाला. दोन वर्षांत त्याच्याविरुद्ध दुसरे बंडखोर उठले. दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसं गेली असं मानतात. लहान पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या, बायका-मुलींवर अत्याचार झाले. तरी टेलर बोलणी करायला तयार नव्हता.

लेमा बोवी ही समाजकार्य करणारी, लेकुरवाळी बाई. तिने चर्चमधल्या बायका जमवल्या. असाटू बाह केनेथ ही पोलीस खात्यातली बाई मुस्लिम बायकांना घेऊन आली. काम कसं केलं पाहा. शुक्रवारी मशिदीत, शनिवारी बाजारात, रविवारी चर्चमध्ये जाऊन पत्रकं वाटायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पत्रकावर चित्रं काढलेली.

एप्रिल २००३ मध्ये या बायका राजधानी मनरोव्हियात मासळी बाजाराजवळच्या मैदानात बसल्या. टेलरच्या गाड्या त्याच रस्त्याने जायच्या. अंगात पांढरे कपडे, दागिना नाही. ऊन असो, पाऊस असो, रोज तीच जागा. मागणी एकच, युद्ध थांबवा. कुठल्या पक्षाची बाजू नाही. अखेर टेलरला त्यांना भेटावं लागलं आणि तो बोलणी करायला कबूल झाला. बायका तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बंडखोरांच्या पुढाऱ्यांनाही जाऊन भेटल्या. दोन्हीकडे सांगणं एकच.

जूनमध्ये घाना देशात बोलणी सुरू झाली. पुढारी हॉटेलात राहत होते आणि इकडे मनरोव्हियात तोफगोळे पडत होते. जुलैत बायकांनी हातात हात गुंफून सभागृहाची दारं अडवली. करार झाल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही! पहारेकरी पकडायला आले तेव्हा बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागली. आईच्या वयाच्या बाईने असं करणं तिकडे मोठा शाप समजतात. पहारेकरी मागे सरले. मध्यस्थ असलेले नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष अबूबकर यांनी बायकांचं म्हणणं ऐकून घेतलं.

११ ऑगस्टला टेलरने पद सोडलं आणि १८ ऑगस्टला करार झाला. हे एकट्या बायकांमुळे झालं असं आम्ही म्हणणार नाही. बंडखोर राजधानीत घुसले होते, बाहेरच्या देशांचाही दबाव होता. पण रेंगाळलेल्या बोलण्यांना रेटा दिला तो या बायकांनी. पुढे २०११ मध्ये बोवीला शांततेच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता आपल्याकडे वळू. दर आठवड्याला ठरल्या वेळी जमायचं, हजेरी लावायची, सगळ्यांच्या मताने ठराव करायचा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. लायबेरियाच्या बायकांकडे याहून वेगळं बळ काय होतं? कुणाचा मुलगा कुठल्या बाजूने लढतोय हे न विचारता त्या एका मागणीवर एकत्र राहिल्या, एवढंच.

देशाच्या रक्षणाबद्दल प्रत्येकीचं मत वेगळं असू शकतं. ते असावंच. पण युद्धाची भाषा करणाऱ्याला, मग तो आपल्या मताचा का असेना, "बोलणीचे सगळे मार्ग संपले का? जाणार ती पोरं कुणाची?" असं विचारणं म्हणजे देशाशी वैर नव्हे.

आमच्या गटाने ठरवलंय. पुढच्या वेळी सभेचा निरोप आला तर आधी बैठकीत विषय घ्यायचा. जायचं की नाही, आणि गेलो तर काय विचारायचं, हे आपण ठरवायचं. गप्प राहिलेल्या त्या ताईंना पहिल्यांदा बोलू द्यायचं.

तुमच्या गटातही अशी एखादी ताई असेल. तिला विचारा.