नाबोथाचा मळा

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचे नाव निघाले, की मला बायबलातला नाबोथ आठवतो. राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तिथे भाजीपाला करायचा होता. बदल्यात तो याहून चांगला मळा द्यायला तयार होता. पण नाबोथ वाडवडिलांची जमीन देईना. राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठेचून मारले आणि राजा मळ्यात शिरला. तिथेच एलीया संदेष्ट्याने त्याला गाठून जाब विचारला!

बायबल म्हणजे दया नि क्षमा, असे आपण धरून चालतो. पण त्यातल्या लेवीय पुस्तकाचा नियम पाहा: जमीन कायमची विकायचीच नाही, पन्नासाव्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परतली पाहिजे. यात उपकार कसला? हा हक्कच.

शहाद्याकडे राणीची गरज पडली नाही. सावकाराचा कागद नि भिल्लाचा अंगठा पुरला. धनी होता तो सालदार झाला. १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी या जमिनींसाठी लढा उभारला. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आला. पण तो १९५७ पर्यंतच मागे जातो. त्याआधीचे कागद त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.