पोलादपूरचा थर व उल्कापाताचा काल

जावळी प्रकरणाचीं कागदपत्रें चाळणाऱ्यांस महाड, पोलादपूर व आंबेनळी हीं नांवें नवीं नाहींत. परंतु गेल्या चाळीस वर्षांत हींच नांवें भूशास्त्राच्या ग्रंथांत निराळ्या अर्थानें रूढ झालीं आहेत. आणि पोलादपूर तर एका जागतिक कालनिर्णयाच्या वादांत मुख्य साक्षीदार होऊन बसलें आहे. तो वाद कोणता, व त्यांत उल्केचा संबंध कसा पोंचतो, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे एकावर एक थिजलेल्या लाव्हारसाच्या लोटांची चळत होय. हे थर नुसत्या डोळ्यांस बहुधा सारखेच दिसतात. एकाच वळणाच्या अक्षरांत लिहिलेल्या पोथ्यांचा ढीग असावा, आणि एकीच्याहि शेवटीं शक घातलेला नसावा, तसा हा प्रकार आहे. त्यांची ओळख पटते ती रासायनिक पृथक्करणानें. १९८१ सालीं नजाफी, कॉक्स व सुखेशवाला ह्यांनीं महाड ते महाबळेश्वर ह्या टप्प्यांतील थरांचें पृथक्करण प्रसिद्ध केलें. पुढें १९८५ त कीथ कॉक्स व त्यांचे सहकारी हॉक्सवर्थ ह्यांनीं त्याच चळतीचे खालून वर पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर असे समूह पाडले. पोलादपुराच्या खालीं आणखी जुना असा बुशे नांवाचा समूह आहे.

समूह ओळखण्याचें मुख्य गमक असें. लाव्हारस वर येतांना भूकवचांतील जुने खडक वितळवून पोटांत घेतो, आणि त्यामुळें त्यांतील ८७ भाराच्या स्ट्रॉन्शियम अणूंचें प्रमाण वाढतें. पोलादपूर समूहांत ही भेसळ स्पष्ट दिसते; आंबेनळी समूहांत ती जवळजवळ नाहीं. अशाच रासायनिक खुणांवरून थेट गोदावरीच्या मुखाकडे राजमहेंद्रीस सांपडणारा कातळ आंबेनळी व महाबळेश्वर समूहांशीं जुळला आहे. एका घराण्याचें दप्तर शेंकडों कोसांवर निघावें, त्यांतलीच ही गोष्ट!

आतां उल्केकडे वळूं. आकाशांतून पडलेले दगड जपून त्यांचें पृथक्करण करण्याचें काम पुष्कळसें संग्रहालयांच्या खनिजपालांनीं केलें. नेव्हिल स्टोरी-मास्कलिन हे १८५७ पासून १८८० पर्यंत ब्रिटिश म्यूझियमच्या खनिजविभागाचे प्रमुख होते. खानदेशांत मानेगाव येथें १८४३ सालीं पडलेल्या पाषाणाचें परीक्षण त्यांनींच करून १८७० त छापिलें. त्या पाषाणाचे आज फारच थोडे तुकडे शिल्लक आहेत. बोहेमियांतील ब्राइटेनबाख येथील उल्केंत त्यांस एक खनिज मिळालें. त्यास त्यांनीं संस्कृत ‘अश्मन्’ शब्दावरून ‘अस्मनाइट’ हें नांव दिलें. तें खनिज पूर्वींच वर्णिलेलें ट्रिडिमाइट निघालें आणि नांव मागें पडलें, ह्याची संस्कृतज्ञांस हळहळ वाटावी.

अशा संग्रहांवरूनच उल्कापाषाणांत इरिडियम धातूचा अंश भूकवचाच्या मानानें फार अधिक असतो, हें कळलें. पृथ्वीवरील इरिडियम बहुतेक लोहाबरोबर तिच्या गाभ्यांत उतरलेलें आहे. १९८० त लुइस व वॉल्टर आल्व्हारेझ हे पितापुत्र आणि त्यांचे सहकारी असारो व मिशेल ह्यांनीं इटलींतील गुब्बिओ येथील मातीच्या एका पातळ थरांत इरिडियम अवाजवी असल्याचें दाखविलें, आणि प्रचंड उल्का पडून डायनोसॉर नष्ट झाले असा सिद्धांत मांडला. मेक्सिकोंतील चिक्शुलुब येथील पुरलेलें विवर हेंच त्या आघाताचें स्थळ, असें १९९१ त पुढें आलें. काल सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. दख्खनचा लाव्हाहि त्याच सुमाराचा. म्हणून प्रश्न उभा राहिला कीं, आधीं काय झालें?

२०१९ त ‘सायन्स’ पत्राच्या एकाच अंकांत दोन उत्तरें छापलीं गेलीं. प्रिन्स्टनच्या श्युने प्रभृतींनीं लोटांमधील तांबड्या मातींतले झिरकॉनचे कण घेऊन युरेनियम व शिसें ह्यांच्या प्रमाणावरून काल काढिला. त्यांच्या मतें पोलादपुराचा मोठा लोट उल्केच्या कांहीं दशसहस्र वर्षें आधीं सुरू झाला. बर्कलेच्या स्प्रेन, रेन प्रभृतींनीं लोटांतील फेल्डस्पारचा काल आर्गॉन वायूवरून मोजिला. त्यांच्या मतें उल्का पडली ती बुशे व पोलादपूर ह्यांच्या सीमेलगत. अर्थात् पोलादपूर व वरचे सर्व समूह नंतरचे. पहिलें खरें मानिलें तर जीवसृष्टीच्या ऱ्हासांत पोलादपुराच्या लाव्ह्याचा हात असूं शकतो. दुसरें मानिलें तर त्यास त्या दोषांतून बव्हंशीं सोडावें लागतें. उलट आघाताच्या हादऱ्यानेंच लाव्हा उफाळला काय, असा प्रश्न येतो.

शिवजन्माच्या शकांतील तीन वर्षांच्या अंतरासाठीं आपण किती कागद खर्चिले! तेथें कोट्यवधि वर्षांमागें कांहीं सहस्र वर्षांचा निवाडा सोपा कसा असेल? आमच्या मतें दोन्ही दाखले कागदाप्रमाणेंच पारखावेत. झिरकॉनची कालगणना अधिक सूक्ष्म. परंतु तो कण त्या लोटाचा नव्हे. तो दुसऱ्या ज्वालामुखीच्या राखेंतून आलेला असतो, व थर सांचण्यापूर्वीं पुष्कळ काळ जन्मलेलाहि असूं शकतो. जुना शिक्का नव्या कागदावर उठावा तसें हें आहे. फेल्डस्पार प्रत्यक्ष लोटाचा, पण त्याच्या गणनेंतील संभाव्य चूक मोठी. म्हणून पोलादपूर समूहाच्या खालच्या व वरच्या अशा दोन्ही सीमांवरचे नमुने, उंची व स्थळ चोख नोंदवून, दोन्ही पद्धतींनीं तपासले पाहिजेत. त्यांतील वरची सीमा पोलादपुराहून महाबळेश्वरीं चढणाऱ्या घाटांतच येते.