बुळकांडीचा निकाल

नर्मदेच्या खोऱ्यात कुक्षीशेजारी वसलेले धार जिल्ह्यातील जुने निसरपुर २०१९ साली सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेले. परंतु त्या मुलखातला तांबडा, अंगावर पांढरे शिंतोडे मिरवणारा, गीर आणि खिल्लार या दोन्ही वंशांचा वारसा सांगणारा निमाडी बैल अद्याप आहे, आणि त्याच्या पूर्वजांना जिची पिढ्यान्‌पिढ्या दहशत होती ती बुळकांडी, गुरांची ती जीवघेणी साथ, मात्र पृथ्वीवरून नाहीशी झाली आहे.

तिला हटविण्याच्या कार्याचा आरंभ पुण्यात झाला. १८८९ साली तेथे सरकारने स्थापिलेली जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरास हलविण्यात आली, आणि पुढे तेथेच संशोधक एडवर्ड्‌स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांत वाढवून लस सिद्ध केली. लशीचे कौतुक यथास्थित झाले. निदान करणाऱ्यांची दखल दप्तरापलीकडे फारशी कोणी घेतली नाही.

निदानाची रीत अशी: मेलेल्या जनावराची लसिका ग्रंथी बर्फात घालून आली, की तिचा अर्क अगरच्या थरातील एका खळग्यात आणि ज्ञात रक्तजल शेजारच्या खळग्यात सोडावयाचे. दोहोंच्या मध्ये केसाएवढी पांढरी रेघ उमटली की रोग निश्चित, मग अंमलदारास वर्दी आणि गुरांचा बाजार बंद. येथवर काम त्या मानाने सोपे होते. १९९५ साली देशातील अखेरचा उद्रेक झाला, आणि खरी कसोटी त्यानंतर लागली; कारण लस टोचलेल्या बैलाच्या रक्तातही प्रतिपिंडे सापडतात, तेव्हा रोग गेला हे सिद्ध करण्यासाठी आधी लसच थांबवावी लागली (ज्यांनी हा हुकूम काढला त्यांची छाती मोठीच म्हणावयाची), आणि नंतर जन्मलेल्या गुरांचे रक्तजल गावोगाव जमवून एलायझा चाचणीत ते निर्लेप ठरवावे लागले. नमुन्यामागून नमुन्यावर ‘नाही’ असा शेरा मारून त्याखाली सही करण्यात कीर्ती नसते, जबाबदारी मात्र पुरेपूर असते.

२००६ च्या फेब्रुवारीत रोगनिदानाच्या याच विद्येची निराळी परीक्षा झाली. नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात कोंबड्या पटापट मरत होत्या आणि पाळणारे त्याला कोंबड्यांचा राणीखेत रोग समजत होते. भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेने मात्र एच५एन१ असा निकाल दिला, आणि देशात बर्ड फ्लूची ती पहिलीच नोंद ठरली. काही व्यावसायिकांनी निकालावर शंका घेतली. कोंबड्या मारून पुरण्याचे काम मात्र थांबले नाही. आणि बुळकांडीच्या संसर्गापासून भारत मुक्त असल्याची मान्यता पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेकडून त्याच वर्षी मे महिन्यात मिळाली.