शनिवारवाडा हें नांव कशावरून पडलें?

पुण्याचा शनिवारवाडा पाहून आलेलीं मुलें घरांतील वडील मंडळींस हटकून विचारतात, कीं वाड्यास वाराचें नांव कां? उत्तर बहुधा असें मिळतें, कीं थोरल्या बाजीरावांनीं वाड्याची पायाभरणी शनिवारीं केली व वास्तुशांतिही शनिवारींच झाली. हें उत्तर कितपत खरें, याचा आम्ही येथें थोडा विचार करूं.

पायाभरणीची तारीख १० जानेवारी १७३० व वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ अशी इतिहासांत दिलेली असते. आमच्या पूर्णा गांवच्या एका चौकस विद्यार्थ्यानें संगणकावर या तारखांचे वार काढले, तों दोन्ही वेळां मंगळवार निघाला! सारी कथाच खोटी, असें त्यास वाटलें. परंतु या तारखा जुन्या जूलियन गणनेच्या आहेत. इंग्रजांनीं ती गणना १७५२ पर्यंत चालविली. आजच्या गणनेसाठीं त्यांत अकरा दिवस मिळविले, कीं २१ जानेवारी १७३० व २ फेब्रुवारी १७३२ या तारखा येतात, आणि दोन्ही शनिवारच ठरतात. पायाभरणीची मिति माघ शुद्ध तृतीया, शके १६५१ ही होय. गृहारंभास रविवार व मंगळवार वर्ज्य, हें ज्यास ठाऊक आहे, त्यास मंगळवारविषयीं आधींच शंका आली असती.

वार खरा ठरला. पण तेवढ्यानें नांवाचें कारणही तेंच ठरतें काय? वाडा शनिवार पेठेंत आहे. पेशव्यांचा बुधवारवाडा बुधवार पेठेंत होता व शुक्रवारवाडा शुक्रवार पेठेंत. तिन्ही नांवांची रीत एकच दिसते. मग एकट्या शनिवारवाड्यासाठीं निराळें कारण कशास शोधावें? पेठेवरून नांव पडलें, हाच पक्ष आम्हांस सबळ वाटतो.

इटलींत फ्लॉरेन्स येथील पिट्टी प्रासाद १५४९ सालीं मेदिची घराण्यानें विकत घेतला. तरी लुका पिट्टी या मूळ धन्याचें नांव त्यास आजही आहे. आपल्याकडे धन्याचें नव्हे, जागेचें नांव चाललें. १८२८ च्या आगींत वाड्याच्या आंतील इमारती जळाल्या, पण नांव राहिलें.

मुलांस शनिवारची गोष्ट अवश्य सांगावी, कारण ती खरी आहे. मात्र एखादी गोष्ट खरी असली, म्हणजे ती दुसऱ्या गोष्टीचें कारण असतेच असें नाहीं, हेंही त्याच वेळीं सांगावें. इतिहास वाचण्याचा हा पहिला धडा होय.