हॉलमधला कॉम्प्युटर आणि मकरपुऱ्याचा उन्हाळा

मकरपुऱ्याचा राजवाडा बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी 1870 मध्ये बांधला, तो उन्हाळ्यातल्या मुक्कामासाठी. आज तिथे वायुदलाचं प्रशिक्षण चालतं, परिसरात जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीचे कारखाने उभे आहेत. उन्हाळा मात्र तोच. मे महिन्यात बडोद्याचा पारा 42-43 अंशांवर सहज जातो. टीव्हीखाली ठेवायचा, सिनेमे दाखवणारा आणि गेमही चालवणारा कॉम्प्युटर कमी पैशांत जुळवायचा असेल, तर सुट्या भागांची निवड या पाऱ्यापासूनच सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले 22 अंशांच्या खोलीत बसून दिलेले असतात.

प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि पंखा मिळून चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक एका मर्यादेत ठेवणं, एवढंच त्यांच्या हातात असतं. समजा गेम चालू असताना हा फरक 45 अंशांचा आहे. 22 अंशांच्या खोलीत चिप 67 अंशांवर राहील. एसी बंद असलेल्या मकरपुऱ्यातल्या हॉलमध्ये ती 87 वर जाईल. रायझन 5 5600जी या लोकप्रिय प्रोसेसरची कमाल मर्यादा 95 अंश आहे. म्हणजे श्वास घ्यायला उरले 8 अंश. मग पंखा जीव खाऊन फिरतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण 15 डेसिबलनं वाढतो, आणि सिनेमातला हळू बोललेला संवाद त्यात बुडून जातो.

जीआयडीसीत मोटरींवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोटरच्या नेमप्लेटवर सभोवतालचं तापमान 40 अंश धरलेलं असतं. त्याहून गरम जागी तिच्याकडून पूर्ण ताकदीची अपेक्षा करत नाहीत. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला हाच न्याय लावायला हवा. खोक्यावरचा '80 प्लस' हा कार्यक्षमतेचा शिक्का सुमारे 23 अंशांच्या चाचणीत मिळालेला असतो. चांगल्या कंपन्या 40 किंवा 50 अंशांना पूर्ण वॅट देण्याची हमी छापतात, स्वस्तातले त्याबद्दल गप्प असतात. दुकानात एसएमपीएस हातात घेऊन त्याच्या बाजूचा तक्ता वाचा. 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः तिथूनच वीज घेतात. वर ठळक अक्षरांत 450 वॅट आणि खाली 12 व्होल्टला 18 अँपिअर असेल, तर उपयोगाचे वॅट भरतात फक्त 216. पैसे वाचवायचे तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांत वाचवा, इथे नको.

उष्णता मुळातच कमी ठेवायची, म्हणूनच हॉलसाठी मी वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता, ग्राफिक्स आतच असलेला 65 वॅटचा प्रोसेसर सुचवेन. 2021 चा 5600जी अजूनही कामाचा आहे. बजेट थोडं ताणता आलं तर 2024 चा 8600जी. या निवडीत रॅमला फार महत्त्व येतं. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच चित्र उचलतात. 5600जीला लागणाऱ्या डीडीआर4-3200 ची एकच पट्टी सेकंदाला 25.6 गिगाबाइट देते, जोडीनं लावलेल्या दोन पट्ट्या 51.2. म्हणून 16 जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी 8-8 च्या दोन घ्या आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचांतच बसवा. गेमच्या वेगात फरक डोळ्यांना दिसतो. इतका फायदा इतक्या कमी खर्चात दुसरा कुठलाच भाग देत नाही.

आता टीव्हीची मागची बाजू. 4के चित्रात 3840 गुणिले 2160, म्हणजे जवळपास 83 लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला 24 बिट आणि सेकंदाला 60 चित्रं धरली, तर सेकंदाला सुमारे 12 गिगाबिट वाहून न्यावे लागतात. एचडीएमआय 1.4 मधून प्रत्यक्ष चित्रासाठी 8 च्या आसपास मिळतात, त्यामुळे तिथे 4के 30 चित्रांवर अडकतं आणि माउसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो. 2.0 मधून 14.4 मिळतात. तेव्हा मदरबोर्ड घेताना त्याच्या पोर्टवरचा आकडा विचारा. गेम मात्र 1080पी वरच खेळा. ठिपके चौपट कमी, म्हणजे उष्णताही कमी.

व्हिडिओसाठी चिपमध्ये एक वेगळा छोटा भाग असतो. तो ठराविक पद्धतीनं आवळलेला व्हिडिओ अगदी थोड्या विजेत उलगडतो. पद्धत त्याच्या ओळखीची नसेल, तर सगळं ओझं प्रोसेसरच्या मुख्य गाभ्यांवर पडतं आणि पंखा पुन्हा ओरडू लागतो. 2018 मध्ये आलेली एव्ही1 ही पद्धत यूट्यूब वापरतं. 8600जीला ती येते, 5600जीला येत नाही. ओटीटीच्या 4केसाठी मात्र कॉम्प्युटरवर खर्च करू नका. कॉपीराइटच्या कुलपांमुळे बऱ्याच सेवा ब्राउझरमध्ये कमी दर्जाचं चित्र देतात, तेच टीव्हीतल्या ॲपवर पूर्ण मिळतं.

कंपन्यांनी काढून टाकलेले छोटे ऑफिस कॉम्प्युटर हा आणखी स्वस्त मार्ग. त्यात अर्ध्या उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसतं, आणि स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. आरएक्स 6400 हे 53 वॅटचं कार्ड त्यात मावतं. पण त्याला चारच लेन आहेत, त्यामुळे जुन्या पीसीआय एक्सप्रेस 3.0 बोर्डवर त्याचा वेग घटतो. एव्ही1 त्यालाही येत नाही.

यंत्र जुळून आलं की बायोसमध्ये जाऊन 5600जीची मर्यादा 65 वरून 45 वॅट करून पाहा. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गानुसार वाढते, त्यामुळे वरचा थोडासा वेग सोडला तरी उष्णता बरीच उतरते. टीव्ही युनिटच्या काचेच्या दाराआड ते कोंडू नका. मागे वीतभर जागा सोडा, आणि जाळीवरची धूळ दर महिन्याला झटका. कॉम्प्युटर खातो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी हॉलमध्येच उष्णता होऊन उतरते. 300 वॅटचं यंत्र रोज तीन तास चाललं, तर महिन्याला 27 युनिट होतात, आणि तेवढी उष्णता बाहेर फेकायला एसीला साधारण 9 युनिट वेगळे लागतात. 100 वॅटमध्ये काम भागलं, तर हेच आकडे 9 आणि 3 वर येतात.