पुंज संगणकातील ‘जर-तर’

किर्लोस्करवाडीचे पंप कुंडल परिसरातील विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. 1910 मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ही वसाहत वसविली. आता समजा, विहिरीत पाणी असेल आणि टाकी भरलेली नसेल, तरच पंप सुरू व्हावा अशी योजना करावयाची आहे. दोन स्विच एकसर जोडले की झाले! अशा ‘जर-तर’ क्रियेला नियंत्रित क्रिया म्हणतात.

पुंज संगणकात हीच गोष्ट महाग पडते. त्यातील मूलघटक म्हणजे क्यूबिट. तो 0 व 1 या दोन्ही अवस्थांच्या अध्यारोपणात राहू शकतो. पहिला क्यूबिट 1 असेल तरच दुसरा उलटा करणे, या क्रियेला ‘सीनॉट’ म्हणतात. नियंत्रक दोन असले, तर ते टॉफोली द्वार. ते सीनॉट व एकेका क्यूबिटवरील क्रिया यांतून बांधावयाचे, तर कमीत कमी 6 सीनॉट लागतात.

नियंत्रक 5 झाले तर? 0 अवस्थेतील 3 मदतनीस क्यूबिट घ्यावेत. पहिल्या दोन नियंत्रकांचे उत्तर पहिल्या मदतनिसावर लिहावे; ते व तिसरा नियंत्रक मिळून दुसऱ्यावर; असे करीत चौथ्या द्वाराने लक्ष्य उलटे होते. मग पहिली 3 द्वारे उलट क्रमाने चालवून मदतनीस पुन्हा कोरे करावे लागतात. कारण त्यांवर राहिलेली नोंद मूळ अध्यारोपण बिघडविते. एकूण द्वारे 7, म्हणजे सीनॉट 42.

प्रत्येक सीनॉट 99 टक्के अचूक आहे असे मानू. 42 सीनॉट निर्दोष पार पडण्याची शक्यता 0.99 चा 42 वा घात, म्हणजे सुमारे 66 टक्केच! येथे आराखड्याचे कौशल्य उपयोगी पडते. सातांपैकी 6 द्वारे एकमेकांना पुसणाऱ्या जोड्यांत येतात. त्यांच्या जागी कलेत थोडी चूक करणारी, पण 3 सीनॉटांचीच द्वारे चालतात. जोडीतील दुसरे द्वार पहिल्याची चूक नाहीशी करते. आता सीनॉट 18 अधिक 6, म्हणजे 24. आणि यशाची शक्यता सुमारे 79 टक्के.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. विजयराघवन यांच्या गटाने दुसरी वाट शोधली. त्यांच्या ‘ट्रायमॉन’ या अतिसंवाहक मंडलात 3 क्यूबिट एकत्र नांदतात, आणि प्रत्येकाची वारंवारता इतर दोघांच्या अवस्थेवर अवलंबून असते. म्हणून योग्य वारंवारतेचा एकच सूक्ष्मतरंग-स्पंद दिला की, दोघे 1 असतील तरच तिसरा उलटतो. सहा सीनॉटांचे काम एका स्पंदात! याच संस्थेत, पुण्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने घडविलेल्या 6 क्यूबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी 2024 मध्ये पूर्ण झाली.

आता वहीत 4 नियंत्रकांचे मंडल काढा. मदतनीस 2 लागतील; द्वारे किती, ते मोजून पाहा. आकृती मधल्या द्वाराभोवती आरशासारखी सममित दिसली, तर मदतनीस कोरे झाले असे समजा.