जोडाक्षर जुळेपर्यंत

सिन्फिग हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर 2005 साली सोर्सकोडसकट सगळ्यांना खुलं झालं. रॉबर्ट क्वाटलबॉम या प्रोग्रॅमरने ते व्होरिया या आपल्या स्टुडिओसाठी लिहिलं होतं. 2004 च्या अखेरीस स्टुडिओ बंद पडला आणि त्याने सगळा कोड जीपीएल परवान्याखाली देऊन टाकला. या सॉफ्टवेअरमागचा विचार सरळ होता: सुरुवातीची आणि शेवटची स्थिती माणसाने ठरवावी, मधली चित्रं संगणकाने भरावीत. मोठ्या स्टुडिओत ही मधली चित्रं काढायला माणसांचा ताफा लागतो. खान्देशात ताफा कुठला आणणार? इथे होते हौशी चित्रकला शिक्षक, फ्लेक्सच्या दुकानातले डिझायनर आणि बांभोरी-शिरपूरकडे इंजिनिअरिंग शिकणारी मुलं. दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ काड्या सरकवत, एकेक फ्रेम टिपत केली, ती 1915 च्या सुमारास. एवढ्या वर्षांनी तेच चिकाटीचं काम एका टेबलावर, एका माणसाला जमेल असं झालं होतं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

तेव्हापासून जळगाव-धुळ्यात अशा माणसांबरोबर बसून मी सिन्फिगसारखी सॉफ्टवेअरं सोर्सपासून बांधत, म्हणजे कंपाइल करत, आलो. तयार इन्स्टॉलर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं लोक विचारायचे. आमच्यापुरतं उत्तर देवनागरीत होतं. सिन्फिगच्या मजकुराच्या थरात ‘शिक्षण’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘श’च्या मागे जाऊन बसायची आणि ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि सुटा ‘ष’ असा दिसायचा. ‘विद्यार्थी’ लिहिलं तर रफार जागेवर जायचाच नाही. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते. ती दाखवताना अलीकडे आणायची, जोडाक्षर जुळवायचं, हे काम वेगळ्या इंजिनाचं असतं, आणि ते इंजिन तिथे जोडलेलंच नव्हतं. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही उणीव जाणवायचं कारणच नव्हतं.

त्यावरचा उपाय वळसा घालून जाणारा होता. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी बरोबर उमटायचं. तिथे शब्द लिहायचा, त्याच्या बाह्यरेषा करायच्या आणि तो चित्र म्हणून सिन्फिगमध्ये आणायचा. पण एकदा बाह्यरेषा झाल्या की तो शब्द राहत नाही, चित्र होतो. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. भूगोलाच्या एका पाठात नावं किती असतात ते शिक्षकालाच माहीत.

म्हणून डोळा ताज्या सोर्सवर असायचा. उबुंटू लिनक्सच्या भांडारातली आवृत्ती नेहमी मागची असायची. दुरुस्ती आधी सोर्समध्ये यायची. त्या काळी सिन्फिग तीन तुकड्यांत बांधावं लागायचं. आधी ईटीएल, मग कोअर, मग स्टुडिओ. क्रम चुकवून चालत नसे, कारण पुढचा तुकडा मागच्याला शोधत यायचा. प्रत्येक वेळी ‘कॉन्फिगर’ चालवलं की ते यंत्रातल्या लायब्ररी धुंडाळायचं आणि एखादी मिळाली नाही की तिचं नाव सांगून थांबायचं. जीटीकेएमएम, कैरो, पँगो, लिबएक्सएमएल प्लसप्लस, बूस्ट. त्यातही नुसती लायब्ररी चालत नाही, तिच्या नावापुढे ‘डेव्ह’ लागलेलं पॅकेज हवं, कारण कंपायलरला वाचायच्या हेडर फाइल त्यात असतात. नव्या मुलांचा पहिला दिवस बहुतेक इथेच जायचा. घरी इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून एकाने सगळी पॅकेजेस पेनड्राइव्हवर उतरवायची आणि गावभर तोच पेनड्राइव्ह फिरायचा.

पुढचा अडथळा भारनियमनाचा. ‘मेक’ ही बांधणीची आज्ञा द्यायची आणि काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागायच्या. सी प्लसप्लसची एकेक फाइल घेऊन कंपायलर तिची ऑब्जेक्ट फाइल करतो आणि सगळ्या तयार झाल्या की लिंकर त्या एकत्र ओवतो. जुन्या ड्युअल कोअर यंत्रावर यात तास जायचे. मध्येच लाइट जायची. मेकचा मोठा गुण असा की ते सुटलं तिथून पुढे काम धरतं: फाइलींच्या वेळा ताडून पाहतं, ऑब्जेक्ट सोर्सपेक्षा नवी असेल तर तिला हात लावत नाही. नेमका हाच गुण खोड्या करायचा. लाइट गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल डिस्कवर शून्य बाइटची राहायची. वेळ ताजी, पोटात काही नाही. मेक तिला झालेली समजून पुढे जायचं आणि सगळं संपत आलेलं असताना लिंकर ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणून थांबायचा. मुलं वैतागून सगळी फोल्डर पुसायला निघायची. त्याची गरज नसते. शून्य आकाराच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून तेवढ्याच उडवायच्या आणि पुन्हा मेक द्यायचं. एवढी एक गोष्ट कळली की मुलांचा मेकवर विश्वास बसायचा.

लाइट असली तर ऊन असायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो आणि कंपायलिंगमध्ये प्रोसेसर सलग पूर्ण भारावर चालतो. दुपारी कंपायलर मध्येच कोसळायचा. तीच फाइल पुन्हा दिली की बिनबोभाट पार पडायची. कोडमधली चूक प्रत्येक वेळी त्याच जागी सापडते. जागा बदलत असेल तर दोष यंत्रात शोधावा, मेमरीत किंवा तापलेल्या चिपमध्ये. म्हणून बिल्ड रात्री लावायचा, कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन. रॅम कमी असेल तर आणखी एक प्रकार: जीसीसीच्या शेवटच्या ओळीत नुसतं ‘किल्ड’ येतं. मेमरी संपली म्हणून लिनक्सनेच कंपायलरला मारलेलं असतं. चार फाइली एकदम घेण्याऐवजी एकेक घ्यायची, स्वॅप वाढवायची, की गाडी पुढे सरकते.

26 मार्च 2016 ला ओपनटून्झ हे अ‍ॅनिमेशनचं दुसरं खुलं सॉफ्टवेअर आलं आणि आमच्याकडे खरी धांदल उडाली. रोमच्या डिजिटल व्हिडिओ कंपनीचं टून्झ जपानचा घिब्ली स्टुडिओ ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या चित्रपटापासून, म्हणजे 1997 पासून, वापरत होता. जपानच्या ड्वांगो कंपनीने ते घेतलं आणि खुलं केलं. घिब्लीतलं अवजार धुळ्याच्या पोराच्या हाती फुकट! पण ते विंडोज आणि मॅकसाठी होतं. लिनक्सवर ते आणलं जगभरच्या स्वयंसेवकांनी. त्याच्या सोर्सच्या पोटात टिफ लायब्ररीची 4.0.3 ही बदल केलेली आवृत्ती ठेवलेली होती. आधी ती वेगळी बांधायची, मग बांधणीची तयारी करणारं सीमेक चालवायचं. यंत्रातली टिफ चालेल असं समजून पुढे गेलं की बिल्ड फुटायचा. ज्यांनी सूचना शेवटपर्यंत वाचल्या त्यांचं काम झालं.

त्याच सुमाराला धुळे जिल्ह्यात वेगळंच वारं होतं. मूळचे धुळ्याचे, अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक गावोगाव फिरून गावकऱ्यांच्या वर्गणीला आपली भर घालत होते, आणि जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळा डिजिटल झाल्या. वर्गात पडदा आला. आता त्यावर दाखवायचं काय? विकत मिळणाऱ्या पाठांत पुण्या-मुंबईची मराठी. साक्री-शिरपूरच्या पोराच्या घरात अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी. ज्या शिक्षकांना आपले पाठ आपण करावेसे वाटले, त्यांच्यासाठी जोडाक्षराचा प्रश्न हौसेचा उरला नाही. फळ्यावर चुकीचं लिहिलेलं पुसता येतं. पडद्यावरचा तुटका ‘क्ष’ तिसरीतलं मूल तसाच गिरवतं.

पुढे सिन्फिगला हार्फबझ आणि फ्रिबिडी यांची जोड मिळाली. अक्षरं जुळवणारं इंजिन म्हणजे हार्फबझ. तेव्हापासून कॉन्फिगर झाल्यावर येणारा सारांश वाचल्याशिवाय मी कुणाला मेक देऊ दिलं नाही. हार्फबझ सापडलं का, ते आधी पाहायचं; नसेल तर त्याचं ‘डेव्ह’ पॅकेज टाकून कॉन्फिगर पुन्हा चालवायचं. नाहीतर इतक्या तासांनी हाती तीच जुनी वेलांटी.

आता अ‍ॅपइमेज, म्हणजे चालवायला तयार असलेली एकच फाइल, उतरवली, चालवायची परवानगी दिली की काम झालं. बहुतेकांना कंपाइल करायची गरज उरलेली नाही आणि ते चांगलंच आहे. शिक्षकाचा वेळ पाठात जावा. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाच्या सिन्फिग आणि ब्लेंडरवरच्या मालिका आहेत, सुरुवात तिथून करावी. पण मराठी चुकीचं उमटताना दिसलं तर तिथे थांबू नये. सिन्फिगच्या सोर्ससोबत आता दोन स्क्रिप्ट येतात: पहिली लागणाऱ्या लायब्ररी टाकते, दुसरी सगळं क्रमाने बांधते. डीबग बिल्ड करावा, चूक पुन्हा घडवून पाहावी, कोणत्या शब्दावर घडते ते छोट्या फाइलसकट कळवावं. मी तपासायला नेहमी तीन शब्द देतो: शिक्षण, विद्यार्थी, ऱ्हस्व. तिन्ही नीट उमटले तर पाठ्यपुस्तकातलं बहुतेक सगळं उमटतं.